मुकुंद मास्तर आणि माझा धनी

मास्तर गेल्याचं मला यास्मिनच्या मेसेजवरून कळलं आणि मी त्यावर विश्वास ठेवला नाही. किनवटला वसतिगृहाची सकाळची हजेरी आटोपून मी ऑफिसात चहाचा कप हातात घेतला होता, तेवढ्यात आमच्या ग्रुपवर दोन शब्द आले, 'मास्तर गये.' मी मनात म्हटलं, आली नवी चाल. आमच्या खेळात मेसेज कुणाच्या नावाने येतो आणि त्यामागून खरं कोण बोलतंय, यात नेहमी अंतर असायचं. त्यात मी आठ महिने लातूरला फिरकलो नव्हतो. मला परत ओढायला मास्तरांनीच हे तिला लिहायला लावलं असणार, असं मी धरून चाललो. फोन उलटा ठेवला, चहा संपवला, स्वयंपाकघरात जाऊन भाजी कशी आली ते बघून आलो. तासाभराने बालाजीचा फोन आला. बालाजी आमच्या खेळातला तिसरा गडी, लातूरला त्याचं दुचाकीचं गॅरेज आहे, आणि त्याला रडताना मी कधी ऐकलं नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "मिलिंदभाऊ, अ‍ॅटॅक आला. क्लासवर, फळ्यापुढंच." तेव्हा कुठे मी तो मेसेज पुन्हा उघडला.

मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. किनवटहून नांदेड, नांदेडहून लातूर... एसटीच्या खिडकीशी बसून मला रडू येत नव्हतं आणि ते का येत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. माझं त्यांच्याशी एक भांडण बाकी होतं, जे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. हा माणूस मला मनातून हावरट समजत होता का? एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. आणि ज्याला विचारायचं, तोच आता राहिला नव्हता.

मास्तर म्हणजे लातूरच्या एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवणारे मुकुंद. मूळचे पुण्याचे, घरात कुणी प्राध्यापक, कुणी बँकेत. बारा वर्षांपूर्वी जूनमध्ये ते लातूरला नवे नवे आले आणि कसल्याशा दाखल्यासाठी आमच्या ऑफिसात उभे राहिले. मी तेव्हा तिथे कारकून होतो. साहेब जागेवर नव्हते आणि मी एका रद्द अर्जाच्या पाठीवर किल्ल्याचा नकाशा काढत बसलो होतो, ही माझी जुनी खोड. त्यांनी काउंटरपलीकडून मान तिरपी करून पाहिलं. "हा कुठला किल्ला?" मी म्हणालो, "कुठलाच न्हाई, सर." "बरं, मग आत राहतं कोण?" असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. पुढच्या रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी होतो. जेवणाच्या टेबलावर कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचा एक फासा. यास्मिन माझ्याआधी येऊन बसलेली, तिचं मेडिकलचं दुकान आहे, बालाजीही होता. खेळ साधा होता. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. आपला माणूस काय करतो ते आपण सांगायचं, आणि ते जमलं की फसलं ते फासा ठरवतो. गोष्ट सांगणाऱ्याला इंग्रजीत मास्टर म्हणतात. बालाजीने पहिल्याच दिवशी त्याचं मास्तर करून टाकलं, आणि ते मुळात शिक्षकच असल्यामुळे ते त्यांना चिकटलं. ते मला अरे-तुरे करायचे. "तूही कर की," असं शंभरदा म्हणाले असतील, पण माझ्या तोंडून ते कधी निघालं नाही, आणि निघत नाही याचा रागही मी त्यांच्यावरच धरला.

त्याच दिवशी त्यांनी सांगितलं की या गोष्टीत प्रत्येकाच्या पाठीशी एक शक्ती असेल. तिच्याशी करार करायचा. ती बळ देणार आणि बदल्यात काहीतरी घेणार. पुस्तकात त्या जागी देव आणि राक्षस यांची लांबलचक यादी होती. मी म्हणालो, "देव नको, सर. आमच्या घरी बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या हायत. खेळात बी कुणापुढं हात जोडणार न्हाई." मला वाटलं, आता हे हसतील, नाहीतर समजावत बसतील. यास्मिन म्हणाली, "मेरा भी वही. जिन चलेगा, खुदा किसी को मत बनाओ." मास्तरांनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि पुस्तकातली ती यादी पेन्सिलीने सरळ खोडली. मला ते फार आवडलं, आणि पाठोपाठ शंकाही आली की हा माणूस इतक्या सहज कसा काय मानतो. मग त्या शक्तीला म्हणायचं काय, यावर ते म्हणाले, "धनी म्हणू." यास्मिन हसून हसून टेबलावर आडवी झाली. "एक धनी हाय की घरात. आता आनिक एक कशाला?" सगळे हसले, मीही हसलो. पण माझा बाप देवणीकडे एका शेतात सालगडी होता, दुसऱ्याचे देवणी बैल सांभाळायचा, आणि त्या दुसऱ्याला तो 'धनी' म्हणायचा. मला शाळेत घालताना त्याने एकच सांगितलं होतं, "मला म्हनावं लागलं, तू कुनाला धनी म्हनू नको." मी हे टेबलावर सांगायला हवं होतं. यादी खोडणाऱ्या माणसाने तो शब्दही खोडला असता, हे मला आज कळतं. तेव्हा मी नुसतं मनात टिपून ठेवलं.

धनी चालवावा तर मास्तरांनी, हे मात्र कबूल केलंच पाहिजे. त्यांचा धनी कधी समोर येत नसे. यास्मिनचा धनी एका बारवेत राहणारा जिन होता, त्याला बाहेरच्या जगाच्या बातम्यांची भूक. दर रविवारी तिने त्याला एक खरी बातमी सांगायची. खोटी निघाली की बारवेचं पाणी एक पायरी खाली जायचं. बालाजीचा धनी स्वतःचं नाव विसरलेला राजा होता. तो बालाजीला दर वेळी वेगळ्याच नावाने हाक मारायचा आणि बालाजीला ओ द्यावी लागायची, एकदा तर त्याला दीड महिना सुलोचना म्हणून राहावं लागलं. मास्तर म्हणायचे, "धनी खोटं बोलत नाही. तो दिलेला शब्द पाळतो, अक्षरशः पाळतो. भीती त्याचीच असते." आणि आणखी एक म्हणायचे, "धन्याला आपल्याकडून जे हवं असतं ते आपल्यालाही थोडंसं द्यावंसं वाटलं पाहिजे. नाहीतर तो नुसता वरिष्ठ होतो." यावर मी मनापासून हसलो होतो, वरिष्ठ मी भरपूर पाहिले होते.

माझा धनी एका तळघरात होता. दुसऱ्या रविवारी तो पहिल्यांदा बोलला. मास्तरांचा आवाज खाली उतरला, ते माझ्याकडे पाहत म्हणाले, "तुझी हाव आता माझी आहे." यास्मिन म्हणाली, "मिलिंदभाई, तुम्हारा वाला बहुत खतरनाक है." हाव? माझी? पुण्याच्या घरातून आलेल्या माणसाने, माझी जेमतेम दोन रविवारांची ओळख असताना, माझ्यात हेच पाहिलं? तिथून सुरू झालं. मला एक तलवार आवडली, तिची राख झाली. एक घोडा हवा म्हणालो, सकाळी दावं रिकामं. जीव धोक्यात घालून एक गाव सोडवलं, तर त्या गावात मला कुणी ओळखेना. बाकी दोघांचे धनी घेत होते तसं देतही होते. माझा नुसता घेत होता. माझ्या बापाने मला एक ऐकणं शिकवलं होतं. कुणी काही बोललं की ते दोनदा ऐकायचं, एकदा शब्दासाठी आणि एकदा बोलणाऱ्यासाठी. मी मास्तरांना बारा वर्षं असं दोनदा ऐकत आलो.

मग जात का होतो? तर आठवड्यातले तेवढेच चार तास मी कारकून नसायचो. मी टेबलाखाली ठेवलेले जुने नकाशे त्यांनी एकेक करून मागून घेतले आणि त्यांत माणसं वसवली. माझा बाप लातूरला दवाखान्यात नऊ दिवस होता, तेव्हा मास्तर रोज क्लास सुटला की डबा घेऊन यायचे आणि बापाच्या उशाशी बसून देवणी बैल कसा ओळखायचा, ते विचारायचे. कान कसे, चालताना मान कशी धरतो... बाप आजारपण विसरून तासभर बोलायचा. पुढच्याच महिन्यात गोष्टीत तसाच एक बैल आला, आणि मला वाटलं, अच्छा, हे माहिती गोळा करायला येत होते तर. नऊ दिवस डबा आणणाऱ्या माणसाबद्दल मी हे मनात आणलं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा ते मला फार हुशारीचं वाटलं होतं.

तीन वर्षांपूर्वी मला गृहपाल म्हणून किनवटला बढती मिळाली. मास्तरांनी पेढे आणले आणि म्हणाले, "मिळालं ना हवं होतं ते?" वाक्य सरळ आहे, कुणीही म्हणेल. मी ते नांदेडपर्यंत चघळत गेलो. तरी महिन्यातून एका रविवारी मी येत राहिलो. मग ते जाण्याच्या आठ महिने आधी मी गोष्टीत नदीकाठची थोडी जमीन मागितली. लढाई नको, सोनं नको, माझ्या माणसाला दोन बैल आणि स्वतःचं रान हवं होतं. मास्तर धन्याच्या आवाजात म्हणाले, "तुझी भूक फार जुनी आहे. ती भागली तर तू माझा राहणार नाहीस." ... तुझी म्हणजे कुणाची? माझ्या एकट्याची, की बापाआजापासून आमच्या सगळ्यांची? मी फासा खाली ठेवला, गाडीची वेळ झाली म्हणालो आणि उठलो. त्यानंतर गेलो नाही.

ते जाण्याच्या महिनाभर आधी त्यांचा फोन आला होता. वसतिगृहाच्या मागच्या बाजूला रेंज अशी की बोलणारा मधेच गिळला जातो. "मिलिंद, एकदा येऊन जा. तुझ्या धन्याचं जरा..." मग खरखर, आणि मग, "...झं एक चुकलंय." त्याच्या आधीचं अक्षर गेलं होतं. मी ते 'तुझं' असं भरून घेतलं. 'तुझं एक चुकलंय.' अजून काय काय चुकायचं राहिलंय माझं, असं मनात आलं, आणि मी म्हणालो, "रजा न्हाई, मास्तर." रजा होती. पंधरा दिवसांची शिल्लक होती.

मास्तर गेल्यावर तीन आठवड्यांनी वैशालीवहिनींनी बोलावलं. मास्तरांच्या पत्नी, खेळाच्या दिवशी पोहे करून शेजारी माहेरवाशिणीसारख्या निवांत निघून जायच्या. त्यांनी आम्हा तिघांच्या तीन फायली काढून ठेवल्या होत्या, ज्याची त्याला. मी माझी तिथेच उघडली. सगळ्यात वर पहिल्या रविवारची चिठ्ठी होती, जी करारासाठी त्यांनी आमच्याकडून भरून घेतली होती आणि जी मी साफ विसरलो होतो. तीन प्रश्न होते. धनी तुला काय देईल? बदल्यात तू काय देशील? करार मान्य? पहिल्यापुढे मी 'बळ' लिहिलं होतं. दुसरा मी मुद्दाम कोरा सोडला होता, कुठल्याही धन्याला मी काही देणार नव्हतो. तिसऱ्याला मी होकार दिला होता. आता देवणीचा माणूस, त्यातून खेळातली चिठ्ठी. 'हो' असं न लिहिता मी जसं बोलतो तसं लिहिलं, 'हाव'. पण ओळी जवळजवळ होत्या, माझं अक्षर वर सरकणारं, आणि माझा होकार दुसऱ्या ओळीवर जाऊन बसला होता. बदल्यात तू काय देशील? हाव. खाली मास्तरांच्या लाल शाईत होतं, 'हाव देऊन टाकतोय. इतकी वर्षं खेळतोय, हे उत्तर कुणी दिलं नाही. याचा धनी फार जपून चालवायचा.'

मी आधी हसलो. मग एसटीत न आलेलं रडू तिथे आलं, आणि वहिनी घाबरून पाणी घेऊन आल्या. बारा वर्षं तो माणूस माझ्याकडून तेच घेत होता, जे मी आपणहून देऊ केलंय असं त्याला वाटलं होतं. आपल्या टेबलावरचा सगळ्यात मोठ्या मनाचा गडी म्हणून त्याने मला वागवलं, आणि मी ते वागवणं अपमान म्हणून घेतलं. फाईलभर लाल शाई होती. 'मिलिंद आज चिडला.' 'घोडा नेल्यावर काही बोलला नाही. विचारावं का? नको, खेळ मोडेल.' 'त्याच्याकडून सगळं गेलं तरी तो येतो. मला जमलं नसतं.' मी वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण मिलिंद, हाव म्हणजे हो, हे त्यांना ठाऊक होतं की. दूधवाल्याला तेसुद्धा हाव हाव करायचे. पुण्याला गेले की सगळे चिडवायचे त्यावरून."

झालं. माझ्या डोक्यात तो किडा पुन्हा वळवळला. जूनमध्ये नवे आलेले असताना माहीत नसेल, मान्य. पण मग कळलं कधी? मी पानं उलटत गेलो. एका पानावर फक्त 'हाव' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या आणि पुढे प्रश्नचिन्ह. वार रविवार, तारीख नाही. ते पान जमिनीच्या रविवारच्या आधीचं की नंतरचं? आधीचं असेल, तर कळूनही ते माझ्याकडून घेतच राहिले. नंतरचं असेल, तर फोनवर गिळलं गेलेलं अक्षर 'मा' होतं, आणि मी रजा नाही म्हणालो. ती पानं सुटी होती, मी पाण्याचा पेला घेताना गुडघ्यावरून सरकून त्यांचा क्रमही गेला. मी ती बरीच खटपट करून लावून पाहिली, दोन्ही तऱ्हेने लागतात.

किनवटला मी आता शनिवारी दुपारी खेळ मांडतो. खेळायला आश्रमशाळेतले तिघे शिक्षक असतात. त्यात मडावी मॅडम आहेत. 'धनी' हा शब्द मी घेतला नाही, तुमच्या शक्तीला तुम्हीच नाव द्या म्हणालो, तर त्यांनी 'सागातला' असं ठेवलं, कारण तो एका जुन्या सागाच्या झाडात राहतो. गेल्या शनिवारी खेळ रंगात असताना त्या घड्याळ बघू लागल्या, चारच्या गाडीने त्यांना गावी जायचं होतं. त्याच वेळी त्यांच्या माणसाने सागातल्याकडे वाट विचारली. मी आवाज खाली उतरवून म्हणालो, "तुला नेहमी जायचीच घाई. मन इथे नाहीच तुझं." आणि थांबलो. धनी बोलून झाला की मास्तर असेच थांबायचे. फासा टेबलावर तसाच, दोन्ही हात मांडीवर, आणि समोरच्याकडे बघत राहायचे. मला ते नेहमी मिजाशीचं वाटायचं, घाव घालून परिणाम बघत बसल्यासारखं. त्या जागी स्वतः बसल्यावर कळलं की मी थांबलो होतो तो जरा घाबरून.

मडावी मॅडमनी सरळ माझ्याकडे पाहिलं. "सर, हे सागातला बोलून राहिला का तुम्ही?"

मी खरं काय ते शोधलं. "थोडं माझं होतं," म्हणालो. "तुम्ही दर शनिवारी अर्ध्यातून उठता, त्याचा राग आला होता."

"मग तेवढं काढून टाका," त्या म्हणाल्या, "बाकीचं राहू द्या. वाट कुठं हाय ते सांगा."

मी तेवढं काढून टाकलं आणि वाट सांगितली. त्या हसल्या, खेळ पुढे गेला, चारची गाडीही त्यांना मिळाली. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल. मास्तर दर वेळी निदान तेवढं तरी थांबायचे, बारा वर्षं, माझ्याकडे बघत. मी काय करायचो, तर फासा उचलायचो.